इकॉलॉजीचा पेपर वाचायचाय? मग आधी बघा मोजलं काय

"75 टक्के कीटक गायब", "69 टक्के प्राणी नष्ट", "हत्तींना सुळेच येईनासे झाले" असल्या हेडलाइन्स वर्षभर फिरत असतात, खाली अर्धी मंडळी जग बुडालं म्हणतात, अर्धी सगळं थोतांड म्हणतात, आणि मूळ पेपर, म्हणजे संशोधकांनी छापलेला शोधनिबंध, दोघांपैकी कुणीच उघडलेला नसतो. उघडला तर तो वाटतो तेवढा अवघड नसतो हो. स्टॅटिस्टिक्सचा भाग डोक्यावरून जातो, मान्य, पण त्याच्याशिवायही बरंच कळतं, फक्त कुठून वाचायला घ्यायचं ते माहीत पाहिजे. इकॉलॉजी, उत्क्रांती, जैवविविधता या विषयांत तर हे जास्तच लागू पडतं, कारण इथे जे मोजायचं ते पळतं, उडतं, लपतं, नाहीतर झाडासारखं शंभर वर्षं जागचं हलत नाही, त्यामुळे नेमकं मोजलं काय आणि कसं यावरच पुढचं सगळं उभं असतं.

तर आधी मूळ पेपर गाठा. बातमी नको, विद्यापीठाची प्रेस नोट पण नको, ती जाहिरात खात्याने लिहिलेली असते. बऱ्या बातमीत खाली जर्नलचं नाव किंवा डीओआय नंबर (प्रत्येक पेपरचा कायमचा ओळख क्रमांक) असतो, तो गुगल स्कॉलरला, म्हणजे गुगलच्या शोधनिबंध शोधायच्या साइटला, टाकायचा, उजव्या बाजूला पीडीएफची लिंक दिसली की काम झालं. पैसे मागत असेल तर अनपेवॉल नावाचं एक्स्टेन्शन ब्राउझरला टाकून ठेवा, कायदेशीर फुकट कॉपी कुठे पडली असेल तर ते शोधून देतं. तरी नाही मिळाला तर बायोआर्काइव्ह किंवा इकोइव्होआर्काइव्हवर त्याच टायटलचा प्रीप्रिंट बघा, फक्त एवढं लक्षात असू द्या की प्रीप्रिंट म्हणजे अजून दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासून पास न केलेला मसुदा, छापून आलेल्या पेपरात आकडे बदललेले असू शकतात. आणि हेही सगळं फसलं तर पहिल्या पानावर लेखकाचा ईमेल छापलेला असतो, दोन ओळींचा मेल टाका. आपलं काम कुणीतरी वाचतंय म्हटल्यावर बहुतेक जण आनंदाने पीडीएफ पाठवतात.

आता वाचायचा क्रम. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कादंबरीसारखा वाचायचा नसतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, एकदा वाचा, मग इंट्रोडक्शन सोडून सरळ मेथड्सवर जा, म्हणजे काय कसं मोजलं ते सांगणारा भाग. मोठ्या जर्नल्समध्ये मेथड्स मुद्दाम शेवटी बारीक अक्षरात ढकललेलं असतं, आणि अर्धं तर सप्लिमेंट नावाच्या वेगळ्याच फाइलमध्ये, ती पण डाउनलोड करा. मग ग्राफ आणि त्यांच्याखालचा मजकूर, मग रिझल्ट्स, आणि डिस्कशन सगळ्यात शेवटी. का, तर डिस्कशनमध्ये लेखक स्वतःची बाजू मांडत असतो, ती आधी वाचली की मग ग्राफमध्ये पण तेच दिसायला लागतं.

मेथड्समध्ये पहिला प्रश्न एकच: मोजलं काय?

उदाहरणच घेऊ. 2017 मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये जर्मनीतल्या कीटकांवर एक पेपर आला, त्याच्यावरूनच पुढे "कीटकांचा महाविनाश" वगैरे बातम्या सुरू झाल्या. त्यांनी 63 संरक्षित जागांवर मॅलेझ ट्रॅप लावले, म्हणजे तंबूसारखी जाळी, कीटक उडत येऊन आपटतो, वर चढतो आणि टोकाला लावलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. मग बाटली रिकामी करून, अल्कोहोल निथळवून, जे काही उरलं त्याचं वजन केलं. बस. कीटक किती होते ते मोजलं नाही, कोणत्या जातीचे होते तेही या पेपरपुरतं नाही, फक्त वजन. 27 वर्षांत ते वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं. म्हणजे "75 टक्के कीटक मेले" हे वाक्यच चुकीचं, मोठे जड भुंगे कमी होऊन बारीक माश्या तेवढ्याच राहिल्या तरी वजन घटतंच. आणि आता मेथड्समधलं खरं मीठ बघा: 63 पैकी 37 जागांवर फक्त एकाच वर्षी ट्रॅप लावला होता, 20 जागांवर दोन वर्षं, 5 जागांवर तीन वर्षं आणि एका जागेवर चार. म्हणजे तीच जागा 27 वर्षं सलग बघितली असं नाहीये, वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या जागा मॉडेलमध्ये घालून, हवामान आणि आजूबाजूची जमीन हिशोबात धरून ट्रेंड काढलाय. त्यामुळे पेपर खोटा ठरतो का? अजिबात नाही, जिथे पुन्हा ट्रॅप लावले तिथेही घटच दिसली आणि माझ्या मते तो चांगलाच पेपर आहे. पण तो सांगतो ते "जर्मनीतल्या या संरक्षित जागांमध्ये उडणाऱ्या कीटकांचं वजन", आणि हेडलाइन सांगते ते "जगातले कीटक".

"69 टक्के प्राणी नष्ट" हा याहून भारी घोटाळा. हा आकडा लिव्हिंग प्लॅनेट इंडेक्सचा, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्गसंवर्धन संस्था आपल्या अहवालात देते त्या निर्देशांकाचा, 2022 च्या अहवालात 1970 पासून 69 टक्के घट होती, 2024 च्या अहवालात 73 टक्के. पण ही घट प्राण्यांच्या संख्येतली नाही, वेगवेगळ्या ठिकाणच्या कशेरुकी प्राण्यांच्या कळपांमध्ये, थव्यांमध्ये जे टक्केवारीचे बदल झाले त्यांची ती सरासरी आहे. कागद घ्या आणि करून बघा. एका ठिकाणी 10 प्राणी होते, 1 राहिला. दुसऱ्या ठिकाणी 1000 होते, 1000 च राहिले. एकूण प्राणी 1010 वरून 1001, म्हणजे घट एक टक्काही नाही. पण इंडेक्समध्ये भूमितीय सरासरी काढतात, म्हणजे 0.1 गुणिले 1 याचं वर्गमूळ, ते येतं 0.32 च्या आसपास, म्हणजे घट 68 टक्के! प्राणी गेले नऊ, इंडेक्स पडला 68 टक्के. खऱ्या इंडेक्समध्ये प्रजाती आणि प्रदेशांचं वजन वगैरे धरून हिशोब याहून गुंतागुंतीचा असतो, पण गाभा हाच. 2020 मध्ये नेचरमध्ये एका टीमने दाखवलं की सगळ्यात वाईट घसरलेले 3 टक्क्यांहूनही कमी गट बाजूला काढले तर तोच जागतिक ट्रेंड घटीऐवजी वाढ दाखवायला लागतो. याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा काढू नका (हा पेपर लगेच त्या कामासाठी वापरणारे निघालेच), अर्थ असा की काही ठिकाणी भयानक पडझड आहे आणि बाकी ठिकाणी चित्र मिश्र आहे, मग पैसा आणि माणसं कुठे लावायची ते तरी कळतं. याच्याशेजारी उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांचा 2019 चा सायन्समधला पेपर ठेवून बघा, त्यांनी 529 प्रजातींच्या खऱ्याखुऱ्या संख्येचा अंदाज काढला, 1970 पासून सुमारे 290 कोटी पक्षी कमी, 29 टक्के. 69 आणि 29 दिसायला सारख्या जातीचे आकडे, पण एक टक्केवारींची सरासरी आणि दुसरा पक्ष्यांची संख्या, त्यांची तुलनाच होत नाही.

दुसरं, कुठे मोजलं ते बघा. हे लवकर होतं, पेपरमध्ये नकाशा असतोच. 2020 मध्ये जगभरातल्या कीटकांच्या 166 दीर्घकालीन पाहण्या एकत्र करून एक मेटा-अ‍ॅनालिसिस आलं, त्यात जमिनीवरचे कीटक दशकाला साधारण 9 टक्के घटताना दिसले आणि गोड्या पाण्यातले मात्र साधारण 11 टक्के वाढताना, हो, वाढताना. पण नकाशा उघडला की ठिपक्यांची गर्दी युरोप आणि उत्तर अमेरिकेत, आणि उष्ण कटिबंध, जिथे सगळ्यात जास्त प्रजाती आहेत, तो जवळजवळ मोकळा. "ग्लोबल" हा शब्द टायटलमध्ये असला की मी तरी आधी नकाशाच बघते.

तिसरं, कधीपासून आणि किती काळ. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 मध्ये शिफ्टिंग बेसलाइन ही कल्पना मांडली, म्हणजे प्रत्येक पिढीला आपण तरुणपणी जे बघितलं तेच मूळ वाटतं आणि घट तिथून मोजली जाते. पेपर 1990 पासूनचा असेल तर 1990 आधी काय उडालं ते त्यात येणारच नाही. आणि काळ किती यासाठी उत्क्रांतीतलं सगळ्यात सुंदर उदाहरण गॅलापागोसमधल्या डॅफ्नी मेजर बेटावरचं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी 1973 पासून तिथल्या फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या, पक्षी पकडायचा, चोच मोजायची, पायात कडं घालायचं, सोडायचा, वर्षानुवर्षं तेच. 1977 मध्ये दुष्काळ पडला, बारीक बिया संपल्या, मोठ्या कडक बिया फोडू शकणारे मोठ्या चोचीचे पक्षी जास्त जगले, आणि पुढच्या पिढीत सरासरी चोच मोठी झाली. इथे थांबला असता तर पेपर काय झाला असता? "चोची मोठ्या होत आहेत." पण 1982-83 मध्ये एल निनोचा धो धो पाऊस झाला, बारीक बियांचं पीक आलं, आणि मग छोट्या चोचीवाल्यांची चलती झाली. तीस वर्षांचा हिशोब त्यांनी 2002 मध्ये मांडला तेव्हा निष्कर्ष हाच की निवड होते, जोरात होते, पण तिची दिशा आधी सांगता येत नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या अभ्यासातून "ट्रेंड" काढलेला दिसला की जरा दमानं घ्यायचं.

आता एक प्रश्न जो बातम्यांमध्ये कधीच येत नाही: न दिसलेला प्राणी नव्हता, की होता आणि दिसला नाही? चांगल्या पेपरमध्ये डिटेक्शन प्रोबॅबिलिटी हा शब्द शोधा, म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा जाऊन "असला तर दिसण्याची शक्यता किती" हे त्यांनी काढलंय का. ईबर्ड, आयनॅचरलिस्ट किंवा जीबीआयएफ असल्या, सामान्य लोकांनी केलेल्या नोंदी साठवणाऱ्या साइटवरच्या नोंदी वापरून केलेल्या अभ्यासात तर हे बघाच बघा, कारण लोक सुट्टीच्या दिवशी, रस्त्याच्या कडेला, सोप्या जागी आणि देखण्या प्राण्यांचे फोटो काढतात, नोंदी वाढल्या म्हणजे प्राणी वाढले असं नसतं, फोनवाले वाढलेले असतात. हल्ली ईडीएनएची पण लाट आहे, पाण्यातून, मातीतून, आता तर हवेतून डीएनए गाळून तिथे कोण कोण राहतं ते ओळखायचं. 2022 मध्ये दोन टीमनी वेगवेगळ्या प्राणिसंग्रहालयांत नुसती हवा गाळून प्राणी ओळखून दाखवले, भन्नाट काम आहे, पण त्यांना तिथल्या प्राण्यांना खायला घातलेल्या मांसाचा डीएनए पण सापडला. म्हणजे डीएनए सापडला याचा अर्थ तो प्राणी तिथे जिवंत फिरतोय असा होतोच असं नाही. नदीत तर डीएनए वरून वाहत येतो. लेखकांनी कंट्रोल सॅम्पल काय घेतले होते, दूषित होण्याची शक्यता कशी तपासली, हे सप्लिमेंटमध्ये असतं, नसेल तर भुवया उंचावायला हरकत नाही.

मग येतो कारणाचा मुद्दा, इथे थोडा वेळ काढा, कारण सगळ्यात जास्त ढकलगाडी इथेच चालते. नुसतं निरीक्षण आहे की प्रयोग केलाय? प्रयोग असेल तर खरे स्वतंत्र नमुने किती? समजा एका जळलेल्या जंगलात 20 चौकोन आखून झाडं मोजली आणि एका न जळलेल्या जंगलात 20, तर नमुने 20 नाहीत, एक विरुद्ध एक आहेत, कारण त्या दोन जंगलांत आगीशिवाय इतर शंभर फरक असू शकतात. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, स्टुअर्ट हर्लबर्टने 1984 मध्येच यावर जोरदार पेपर लिहून सगळ्यांना झापलं होतं, तरी अजून सापडतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या लांडग्यांची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल, 1995-96 मध्ये लांडगे परत आणले, एल्क हरणं कमी झाली, विलोची झाडं वाढली, अख्खी परिसंस्था सुधारली. गोष्ट म्हणून झकास. पण 2001 पासून तिथे एक प्रयोग चालू होता, काही विलोंना कुंपण घालून हरणांपासून वाचवलं, काही ठिकाणी बीव्हरसारखे (ओढ्यावर लाकडांचे बांध घालणारा प्राणी) बांध घालून पाण्याची पातळी वर आणली, काही ठिकाणी दोन्ही केलं. 2024 मध्ये वीस वर्षांचे निकाल आले, विलो नीट उंच झाले ते जिथे पाणी आणि संरक्षण दोन्ही मिळालं तिथे, नुसती हरणं थांबवून भागलं नाही. लांडगे गेल्यावर बीव्हर गेले, ओढे खोल कापले गेले, आणि ते सगळं शिकारी परत आणून आपोआप भरून येत नाही. यावर अजून भांडणं चालू आहेत, दुसरी बाजू पण पेपर छापतेय, दोन्हीकडचं वाचा.

याउलट कारणाचा पुरावा कसा बांधायचा ते बघायचं तर मोझांबिकच्या गोरोंगोसातल्या हत्तिणींचा 2021 चा पेपर काढा. 1977 ते 1992 च्या युद्धात हस्तिदंतासाठी तिथले 90 टक्क्यांहून जास्त हत्ती मारले गेले, आणि बिनसुळ्यांच्या हत्तिणींचं प्रमाण 18.5 टक्क्यांवरून 50.9 टक्क्यांवर गेलं. पहिली शंका कुणीही घेईल: सुळेवाल्या मारल्या गेल्या म्हणून उरलेल्यांत बिनसुळ्यांचा वाटा वाढला, यात उत्क्रांती कुठे? म्हणून त्यांनी युद्धानंतर जन्मलेल्या हत्तिणी वेगळ्या मोजल्या, तिथेही 33 टक्के. दुसरी शंका, निव्वळ योगायोग असेल, तर सिम्युलेशन चालवून दाखवलं की निवडीशिवाय एवढी वाढ होणं जवळजवळ अशक्य. मग नर बिनसुळ्याचे का नाहीत? गुणधर्म एक्स क्रोमोसोमवरचा असावा आणि नर गर्भाला घातक ठरत असावा असा अंदाज, आणि तसं असेल तर बिनसुळ्याच्या आईला माद्या जास्त व्हायला हव्यात, दोनास एक या प्रमाणात. मोजलं तर पिल्लांत माद्या दोन तृतीयांशाच्या आसपास! शेवटी जीनोम बघून संशयित जीन पण दाखवले. प्रत्येक शंकेला एक वेगळा पुरावा, असं बांधकाम दिसलं की पेपरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि युद्धाआधीची टक्केवारी आली कुठून, तर जुन्या व्हिडिओंमधून, हे मेथड्स वाचल्याशिवाय कळलं नसतं.

स्टॅटिस्टिक्सचं थोडक्यात. पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली आहे एवढ्यावर खूश होऊ नका, फरक किती मोठा आहे ते बघा आणि त्याच्या भोवतीची पट्टी, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल, किती रुंद आहे ते बघा. "घट 30 टक्के" आणि पट्टी 2 पासून 55 पर्यंत, तर त्यांनाही नक्की माहीत नाहीये. एरर बार, म्हणजे ग्राफमधल्या ठिपक्यावरची अनिश्चितता दाखवणारी रेघ, नेमका कशाचा ते ग्राफखाली लिहिलेलं असतं, ग्राफचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, लॉग स्केल (1, 10, 100 असे पटीने वाढणारे टप्पे) आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. आणि मॉडेल कुणी कसं निवडतो यावर उत्तर किती हलतं हे बघायचं असेल तर 2025 मध्ये बीएमसी बायोलॉजीमध्ये आलेला तो मजेदार प्रयोग वाचा, 174 टीमना सारखाच डेटा दिला, काहींना ब्लू टिट पक्ष्यांच्या पिल्लांचा, काहींना निलगिरीच्या रोपांचा, आणि प्रश्न पण सारखाच. पक्ष्यांच्या बाबतीत बहुतेक टीम एका दिशेला आल्या, भावंडं जास्त तर वाढ कमी, पण किती कमी यावर उत्तरं पसरली. गवताचा निलगिरीच्या रोपांवर परिणाम किती, यावर बरीच उत्तरं शून्याजवळ आणि काही एकदम टोकाची, ती पण दोन्ही बाजूंना. यात लबाडी कुणाचीच नाही, प्रत्येकाने आपापल्या जागी पटण्यासारखे निर्णय घेतले होते. म्हणून डेटा आणि कोड ड्रायड, झेनोडो असल्या ठिकाणी खुला ठेवलाय का ते शेवटच्या पानावर तपासा, खुला असला की दुसरा कुणीतरी वेगळ्या पद्धतीने करून बघू शकतो.

वाचून झालं की परत गुगल स्कॉलरवर या आणि त्या पेपरखालचं "साइटेड बाय" दाबा, म्हणजे त्याचा उल्लेख करणारे नंतरचे पेपर दिसतात. गाजलेल्या पेपरवर सहा महिने ते दोन वर्षांत टीका किंवा उत्तर आलेलं असतंच, टायटलमध्ये "कमेंट ऑन" किंवा "रिप्लाय टू" असतं, हे दोन-तीन पानांचे तुकडे मूळ पेपरपेक्षा जास्त शिकवतात, कारण भांडणात दोघंही आपापलं खरं गृहीतक उघडं करतात. जर्नलच्या पानावर करेक्शन किंवा रिट्रॅक्शनची (पेपर मागे घेतल्याची) पट्टी आहे का बघा, पबपीअर या पेपरांवर चर्चा चालते त्या साइटवर टायटल टाकून बघा. विषय सतत फॉलो करायचा असेल तर स्कॉलरवर दोन-तीन शब्दांचा अलर्ट लावा, पण शब्द नेमके घ्या, "बायोडायव्हर्सिटी" एवढंच टाकलं तर रोज मेलबॉक्स भरेल आणि आठवड्यात तुम्ही अलर्ट बंद कराल, त्यापेक्षा एखादी प्रजाती किंवा एखादी पद्धत घ्या, जसं "एअरबोर्न ईडीएनए". अगदी नवीन असाल तर सुट्या पेपरऐवजी रिव्ह्यू पेपरपासून, म्हणजे एका विषयावरच्या बऱ्याच पेपरांचा आढावा घेणाऱ्या लेखापासून, सुरू करा, ट्रेंड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्युशन या जर्नलमध्ये छोटे आणि वाचण्याजोगे येतात, त्यातून वाद कुठे आहे ते कळतं, मग त्या वादातले दोन विरुद्ध पेपर काढून शेजारी-शेजारी उघडा आणि दोघांच्या मेथड्सपासून सुरू करा.